पोत्यावरील आकडे आणि जमिनीतील मूलद्रव्ये



खताच्या दुकानातून आपण १८:४६:०, १०:२६:२६ किंवा ०:०:६० असे आकडे छापलेली पोती आणतो. माती तपासून आणली की अहवालावर नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, सोडियम अशी नावे येतात. द्राक्षबागेसाठी मोरचूद व गंधक लागते, घरात मीठ आणि चुना असतो. ही सारी नावे एकाच कुळातील आहेत. ती मूलद्रव्ये आहेत किंवा मूलद्रव्यांपासून बनलेली संयुगे आहेत. त्यांची नीट ओळख झाली तर खतावरचा बराच खर्च वाचतो आणि जमीन बिघडण्याचा धोका वेळीच कळतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील ऊस, द्राक्षे व खारवट जमिनी डोळ्यांपुढे ठेवून ही ओळख करून घेऊ.

मूलद्रव्य म्हणजे काय?

ज्या पदार्थाचे रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत विभाजन होत नाही, त्यास मूलद्रव्य म्हणतात. मीठ हे मूलद्रव्य नाही, कारण ते सोडियम व क्लोरीन यांचे संयुग आहे. तांबे हे मूलद्रव्य आहे. मोरचूद मात्र तांबे, गंधक, प्राणवायू व पाणी यांपासून बनलेले संयुग आहे. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७८९ साली ३३ मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यातील काही नावे पुढे चुकीची ठरली, तरी पद्धतशीर यादीची सुरुवात तेथून झाली. रशियाच्या मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता मांडला. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. त्यांपैकी साधारण १७ पिकांच्या वाढीसाठी आवश्यक मानली जातात.

शेतकऱ्याने मूलद्रव्यांबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मूलद्रव्य शेतात तयार होत नाही आणि शेतात नष्टही होत नाही. त्याची जागा बदलते आणि त्याचे रूप बदलते. म्हणून कोणतेही खत टाकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे मूलद्रव्य जमिनीत किती आहे? ते पिकाला घेता येईल अशा रूपात आहे काय? आणि पीक निघाल्यावर ते कोठे जाते?

पोत्यावरील आकड्यांचा अर्थ

पोत्यावरील पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा व तिसरा पालाशचा असतो. आकडे टक्क्यांत असतात. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात १८ टक्के म्हणजे ९ किलो नत्र आणि ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद असते. येथे एक बारकावा आहे. स्फुरद व पालाश यांचे आकडे शुद्ध मूलद्रव्याचे नसून त्यांच्या ऑक्साइडचे असतात. ही जुन्या काळातील रसायनशास्त्रज्ञांची हिशेबाची रीत आजही चालू आहे. त्यामुळे डीएपीच्या पोत्यातील २३ किलो 'स्फुरदात' शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलोच भरतो. शिफारशीही याच रीतीने दिलेल्या असल्याने हिशेबात अडचण येत नाही.

आता एक उदाहरण पाहू. आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. संपूर्ण स्फुरद डीएपीतून द्यायचे ठरविल्यास सुमारे ३७० किलो, म्हणजे साडेसात पोती डीएपी लागते. या डीएपीतून स्फुरदाबरोबर सुमारे ६६ किलो नत्रही जमिनीत जाते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के या हिशेबाने २०.७ किलो नत्र असते. म्हणजे डीएपीतून आलेले नत्र तीन पोत्यांहून अधिक युरियाइतके झाले. हे नत्र वजा न करता युरिया पूर्ण दिला, तर हेक्टरी तीन पोत्यांचा खर्च वाया जातो. शिवाय जादा नत्राने ऊस माजतो, लोळतो आणि पक्वता लांबते. युरिया विकत घेण्यापूर्वी ही वजाबाकी कागदावर करावी.

नत्र : हवेत भरपूर, मुळाशी कमी

एडिंबरो येथील डॅनियल रदरफर्ड याने १७७२ साली हवेतील हा वायू वेगळा ओळखला. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा आहे. आपल्या एक हेक्टर शेतावरील हवेत पंचाहत्तर हजार टनांहून अधिक नत्र आहे. तरीही पीक नत्राअभावी पिवळे पडते, कारण हवेतील रूपात ते पिकाला घेता येत नाही. सोयाबीन, हरभरा, भुईमूग अशा पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू मात्र हे काम करतात. जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात हे सिद्ध केले. सोयाबीनच्या बियाण्यास जिवाणू खत चोळण्यामागे हेच कारण आहे.

कारखान्यात हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची क्रिया जर्मनीच्या फ्रिट्झ हाबरने १९०९ साली प्रयोगशाळेत करून दाखविली. कार्ल बॉश याने ती मोठ्या प्रमाणावर आणली आणि १९१३ साली ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. युरिया याच अमोनियापासून बनतो. गोमूत्रात नैसर्गिकरीत्या असणारा युरिया आणि पोत्यातील युरिया रासायनिकदृष्ट्या एकच आहे. व्होलर याने १८२८ साली युरिया प्रयोगशाळेत बनविला, तेव्हाच ही गोष्ट स्पष्ट झाली.

नत्र जसे हवेतून येते तसे हवेत परतही जाते. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. अशा जमिनीवर युरिया उघडा फेकला तर त्याचा बराच भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. पाणी साचलेल्या सरीत नत्राचे पुन्हा वायूत रूपांतर होते आणि जास्त पाण्याबरोबर ते खालीही झिरपते. म्हणून युरिया मातीआड करावा, हप्त्याहप्त्याने द्यावा आणि लगेच मोकाट पाणी देऊ नये.

स्फुरद : हलत नाही, म्हणून मुळाजवळ द्यावे

हॅम्बर्ग येथील हेनिग ब्रांड हा लोखंडाचे सोने करणारा परीस शोधत होता. मानवी मूत्र आटवीत असता १६६९ साली त्याला अंधारात चमकणारा पदार्थ मिळाला. तो फॉस्फरस होता. परीस मिळाला नाही, पण शेतीला सोन्याइतकेच मोलाचे मूलद्रव्य हाती आले. काड्यापेटीच्या बाजूस ज्या पट्टीवर आपण काडी ओढतो तीत तांबडा फॉस्फरस असतो. आपल्या हाडांत व दातांत तो कॅल्शियमबरोबर असतो. इंग्लंडमधील जॉन लॉज याने १८४२ साली खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट बनविण्याचे पेटंट घेतले. आजचे सिंगल सुपर फॉस्फेट याच मार्गाने बनते. त्यात १६ टक्के स्फुरदाखेरीज सुमारे ११ टक्के गंधक आणि भरपूर कॅल्शियम असते.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत विद्राव्य स्फुरद कॅल्शियमशी संयोग पावून हळूहळू अविद्राव्य होते. ते नष्ट होत नाही, पण पिकाला लवकर मिळत नाही. शिवाय स्फुरद मातीत फार थोडे अंतर सरकते. यासाठी स्फुरदयुक्त खत पसरून न टाकता लागणीच्या वेळी सरीत, मुळांच्या कक्षेत, शेणखताबरोबर द्यावे. स्फुरद विरघळविणारे जिवाणू अडकलेल्या स्फुरदाचा काही भाग मोकळा करतात. ज्या जमिनीच्या अहवालात उपलब्ध स्फुरद सातत्याने 'जास्त' येते, तेथे दरवर्षी पूर्ण मात्रा देण्याची गरज नसते.

पालाश : साखरेच्या पोत्यात न जाणारे धन

लाकडाची राख भांड्यात भिजवून, निवळी आटवून मिळणाऱ्या क्षाराला इंग्रजीत 'पॉट अॅश' म्हणत. त्यावरून पोटॅश आणि पोटॅशियम ही नावे आली. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही याने १८०७ साली दाहक पोटॅशमधून विद्युतप्रवाह सोडून ही धातू प्रथम वेगळी केली. आपल्याकडे राखेने भांडी घासण्याची रीत होती. त्या राखेतील पोटॅशचा क्षार तेलकटपणा काढतो. तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाणा करताना द्राक्षघड ज्या द्रावणात बुडवितात, त्यात १०० लिटर पाण्यास साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल असते. या द्रावणाने मण्यावरील मेणाच्या थरातून पाणी लवकर बाहेर पडते व माल लवकर वाळतो. म्हणजे चुलीच्या राखेतील क्षार आणि बेदाण्याच्या टाकीतील क्षार हे सख्खे भाऊ आहेत.

उसाला नत्रापेक्षाही पालाश अधिक लागते. आपल्या देशात म्युरेट ऑफ पोटॅशसाठी चालू खाणी नाहीत. हे खत परदेशातून येते, त्यामुळे त्याचा भाव आपल्या हाती नाही. अशा वेळी उसाने उचललेले पालाश कोठे जाते हे पाहणे उद्बोधक ठरते.

साखर ही कार्बन, हायड्रोजन व प्राणवायू या तीनच मूलद्रव्यांची बनलेली आहे. कार्बन व प्राणवायू हवेतून, तर हायड्रोजन पाण्यातून येतो. शुद्ध साखरेच्या पोत्यातून आपल्या जमिनीतले पालाश, स्फुरद किंवा जस्त बाहेर जात नाही. मग ते जाते कोठे? काही पाचटात व वाढ्यात राहते, काही बगॅसच्या राखेत जाते, स्फुरदाचा बराच भाग प्रेसमडमध्ये उतरतो आणि पालाश मळीत जमा होते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर हे पालाश सांडपाण्यात राहते. ते जाळून मिळणाऱ्या राखेपासून आता १४.५ टक्के पालाश असलेले खत बनते आणि 'पीडीएम' या नावाने विकले जाते. हे खत घेताना पोत्याचा भाव न पाहता पालाशच्या किलोचा भाव काढावा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असल्याने त्याच्या एका पोत्याइतके पालाश मिळविण्यासाठी पीडीएमची चार पोती लागतात.

ज्यावर कारखान्याचा नव्हे तर आपला स्वतःचा हक्क आहे, ते पाचट मात्र आपण पेटवून देतो. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. ते जाळल्यास त्यातील जवळजवळ सारे नत्र व बराचसा गंधक धुरावाटे निघून जातो. पालाश व स्फुरद राखेत उरते, पण सेंद्रिय कर्ब संपतो. पाचट न जाळता सरीत ठेवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू वापरावेत. मूलद्रव्ये परत करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

संयुगातून खत घेताना हव्या असलेल्या मूलद्रव्याचा जोडीदारही शेतात येतो, हेही ध्यानात ठेवावे. म्युरेट ऑफ पोटॅशबरोबर क्लोरीन येते. ग्रामपंचायत पाण्यात जी टी.सी.एल. पावडर टाकते, तिच्यातील क्रियाशील घटक याच क्लोरीनचा. १७७४ साली स्वीडनच्या शीले याने ते प्रथम मिळविले. उसाला सामान्य जमिनीत ते बाधत नाही. द्राक्षवेलीला मात्र क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. म्हणून द्राक्षबागेत व खारवट जमिनीत सल्फेट ऑफ पोटॅश वापरणे हिताचे असते. त्यातील जोडीदार गंधक हा पिकाच्या उपयोगाचा असतो.

गंधक आणि तांबे : द्राक्षबागेतील जुने सोबती

ही दोन मूलद्रव्ये माणसाला प्राचीन काळापासून माहीत आहेत, त्यांचा शोधक सांगता येत नाही. गंधक फटाक्यात व काडीच्या गुलात असते. साखर कारखान्यात उसाचा रस शुभ्र करण्यासाठी गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडतात. बेदाण्यास पिवळा रंग यावा म्हणून शेडमध्ये देतात तो धूरही गंधकाचाच. द्राक्षावरील भुरी रोगासाठी गंधकाचा वापर दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ऊन कडक असताना गंधकाची मात्रा जास्त झाली तर पाने व मणी भाजतात, म्हणून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे.

तांब्याची गोष्ट रंजक आहे. फ्रान्समधील बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद व चुना मारीत असत. निळसर डाग पाहून वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत एवढाच त्यामागील हेतू होता. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की, इतर बागा डाऊनी म्हणजे केवड्याने उजाड झाल्या असता या वेलींवरील पाने हिरवी आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली हे मिश्रण जाहीर केले. तेच आपले बोर्डो मिश्रण.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी ५० लिटर पाण्यात विरघळवावा. नंतर दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावीत. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात चकचकीत लोखंडी खिळा थोडा वेळ धरून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून चुन्याची निवळी आणखी घालावी. लोखंड तांब्याची जागा घेते आणि तांबे खिळ्यावर बसते, ही त्यामागील क्रिया आहे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

इतर अनेक बुरशीनाशके काही काळाने विघटित होतात. तांबे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होऊच शकत नाही. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. हेक्टरी ५०० लिटर एक टक्का मिश्रण फवारले, तर ५ किलो मोरचुदातून सव्वा किलो तांबे बागेत येते आणि ते अखेर मातीत राहते. फ्रान्समधील जुन्या बागांच्या मातीत असे तांबे साठले आहे. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो तांबे अशी मर्यादा घातली आहे. आपल्या बागेत वर्षाकाठी किती तांबे जाते याची नोंद प्रत्येक बागायतदाराने ठेवावी.

जस्त, लोह व बोरॉन : बांधाची सर्वांत खालची जागा

वाफ्याचा बांध सगळीकडे उंच असला आणि एकाच ठिकाणी खचलेला असला, तर पाणी त्या खचलेल्या जागेइतकेच साठते. पिकाचे उत्पादनही असेच सर्वांत कमी असलेल्या मूलद्रव्यावर ठरते. जर्मनीच्या श्प्रेंगेल व लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात हा नियम मांडला. जस्त कमी असताना युरिया वाढविणे म्हणजे बांधाची उंच बाजू आणखी उंच करण्यासारखे आहे.

जस्ताच्या बाबतीत आपला देश पुढे होता. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे मध्ययुगात भट्ट्यांतून जस्ताची वाफ थंड करून धातू मिळवीत असत. युरोपात मार्गग्राफने जस्त वेगळे केले ते १७४६ साली. घराच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून जस्ताचाच मुलामा देतात. पंतनगर येथे डॉ. नेने यांनी १९६६ साली भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे दाखवून दिले. झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये, कारण दोघांचे अविद्राव्य संयुग बनते आणि पैसे वाया जातात.

लोहाचा प्रश्न निराळा आहे. काळ्या जमिनीच्या नांगरटीच्या थरात हेक्टरी सुमारे २२ लाख किलो माती असते आणि तीत लाखभर किलो लोह असते. पिकाला हेक्टरी काही किलोच लागते. तरीही चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडून पांढराफटक दिसतो आणि द्राक्षाची कोवळी पाने शिरा सोडून पिवळी होतात. लोह तेथे आहे, पण ते गंजाच्या रूपात आहे. सामू जास्त व चुनखडी भरपूर असल्याने ते विरघळत नाही. फ्रान्सच्या यूझेब ग्री यांनी १८४० च्या दशकातच द्राक्षवेलीचा पिवळेपणा लोहाच्या क्षाराने जातो हे दाखविले. अशा जमिनीत नुसते हिराकस मातीत टाकले तर त्याचाही काही दिवसांत गंज होतो. म्हणून ०.५ टक्के फेरस सल्फेटची पानांवर फवारणी करावी. ठिबकमधून द्यायचे झाल्यास सामू जास्त असलेल्या जमिनीत ईडीडीएचए प्रकारचे चिलेट टिकते. ईडीटीए प्रकारातील लोहाला तेथील कॅल्शियम बाजूला सारते. पाणी साचू न देणे हाही यावरील उपायच आहे.

बोरॉन आपल्याला टाकणखाराच्या रूपात परिचित आहे. सोनार तो डाक देताना वापरतात आणि कॅरमच्या फळीवरील बोरिक पावडरही त्याच घराण्यातली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ साली पिकास बोरॉन आवश्यक असल्याचे दाखविले. बोरॉनचे कमी आणि जास्त यांतील अंतर फार थोडे आहे, म्हणून अंदाजाने देऊ नये.

उसासाठी माती परीक्षणात कमतरता आढळल्यास हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट, २५ किलो फेरस सल्फेट, १० किलो मँगेनीज सल्फेट व ५ किलो बोरॅक्स यांपैकी जे कमी असेल ते द्यावे. खताच्या दहापट चांगले कुजलेले शेणखत घेऊन त्यात ५ ते ६ दिवस मुरवावे आणि मग सरीत द्यावे. शेणखतातील सेंद्रिय आम्ले ही मूलद्रव्ये धरून ठेवतात व त्यांना मातीत अडकू देत नाहीत.

सोडियम : जमीन गिळणारे मूलद्रव्य

आतापर्यंत पिकाला हव्या असलेल्या मूलद्रव्यांचा विचार केला. आता नको असलेल्या मूलद्रव्याकडे वळू. डेव्हीने १८०७ सालीच पोटॅशियमपाठोपाठ सोडियम वेगळे केले आणि १८०८ साली कॅल्शियम. स्वयंपाकघरातील मीठ, खाण्याचा सोडा व धुण्याचा सोडा ही सोडियमची संयुगे आहेत.

आपल्या भागात या प्रश्नाचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि काही वर्षांतच खोऱ्यातील जमिनींवर पांढरे क्षार दिसू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी या जमिनींवरील अहवाल १९१० साली प्रसिद्ध केला. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील बसू व सिरूर यांनी कालव्याखालील जमिनींचे वर्गीकरण १९३८ साली मांडले. पुढे कोयना धरण झाले, कृष्णेवर सहकारी उपसा योजना आल्या आणि वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांतील भारी जमिनीत बारमाही ऊस उभा राहिला. नीरेकाठी जे घडले तेच कृष्णा-वारणाकाठी घडले.

क्षार येतात कोठून? काळ्या खडकाची झीज होताना सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे होतात. काही क्षार पाण्यातून येतात. ज्या पाण्याची विद्युत वाहकता ०.५ डेसीसायमन प्रति मीटर आहे, त्याच्या एक लिटरमध्ये सुमारे ०.३२ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी चांगलेच समजले जाते. तरीही एका हेक्टरला एकूण एक मीटर उंचीचे, म्हणजे एक कोटी लिटर पाणी दिले तर सुमारे ३.२ टन क्षार शेतात येतात. पाटाने दिलेल्या उसाला वर्षात याच्या दुप्पट पाणी सहज जाते. पाणी उडून जाते, सोडियम उडत नाही. निचरा नसेल तर तो तेथेच साठतो.

क्षार वाढलेली परंतु मऊ, पांढरी पूड दिसणारी जमीन ती खारवट. तिची विद्युत वाहकता ४ पेक्षा जास्त असते. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमऐवजी सोडियम बसला आणि त्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे ती चोपण झाली. तिचा सामू बहुधा ८.५ पेक्षा जास्त असतो. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, फुगतात व छिद्रे बुजवितात. पाणी मुरत नाही, वाळल्यावर दगडासारखी ढेकळे होतात आणि मुळे गुदमरतात. आपल्या भागात दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनीही पुष्कळ आहेत.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे पांढरे दिसले की जिप्सम टाकणे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणावरील सोडियमला हटवून त्याची जागा घेतो. पण हटविलेला सोडियम नष्ट होत नाही. तो पाण्याबरोबर शेताबाहेर जावा लागतो. निचरा नसेल तर तो तेथेच फिरत राहतो आणि जिप्समवरील पैसे मातीत जातात. नुसत्या खारवट जमिनीला तर जिप्समची गरजच नसते, तिला निचरा व चांगल्या पाण्याने धुऊन काढणे पुरते. म्हणून क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम उघडे चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याची सोय करावी. चोपण जमीन असल्यास प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेइतके जिप्सम पावसाळ्यापूर्वी शेणखताबरोबर वरच्या थरात मिसळावे. पावसाच्या किंवा चांगल्या पाण्याने क्षार निचरून जाऊ द्यावेत. त्यानंतर धैंचा घेऊन गाडावा. चुनखडी असलेल्या चोपण जमिनीत गंधकही चालते, कारण जिवाणू त्याचे आम्ल करतात व ते आम्ल चुनखडी विरघळवून जागच्या जागी कॅल्शियम मोकळा करते. नंतरही पाणी मोजून, शक्य तर ठिबकने द्यावे.

एकट्याने चर काढून भागत नाही. आपले पाणी शेजाऱ्याच्या बांधातून नाल्यापर्यंत जावे लागते. म्हणून एका ओढ्याच्या पाणलोटातील सर्व शेतकऱ्यांनी मिळून निचऱ्याची योजना करावी. ओढे व नाले बुजवून ऊस लावणे म्हणजे साऱ्या शिवाराची जमीन चोपण करण्यास निमंत्रण देणे होय.

मातीचा नमुना आणि अहवाल

नमुना शेताच्या १० ते १२ ठिकाणांहून २० ते २२ सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्यावा. खत दिलेली जागा, उकिरडा, बांध व झाडाखालची जागा टाळावी. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असल्यास लोखंडी फावडे व जस्ताची बादली वापरू नये. लाकडी किंवा प्लॅस्टिकचे साहित्य घ्यावे, नाहीतर अवजारातील लोह व जस्तच अहवालात दिसेल.

अहवाल हाती आल्यावर प्रथम सामू, विद्युत वाहकता व चुनखडी पाहावी. या तीन आकड्यांवरून मूलद्रव्ये कोणत्या रूपात आहेत हे कळते. नंतर सेंद्रिय कर्ब पाहावा. मग नत्र, स्फुरद, पालाश आणि शेवटी सूक्ष्म अन्नद्रव्ये. उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा व लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी असल्यास ती कमतरता समजावी. जे पुरेसे आहे ते विकत घेऊ नये आणि जे कमी आहे ते टाळू नये.

मूलद्रव्यांचे हे खाते बँकेच्या खात्यासारखे आहे. पीक काढले म्हणजे रक्कम काढली. पाचट, शेणखत, प्रेसमड व खते दिली म्हणजे भरणा केला. तांबे व सोडियम हे मात्र आपोआप वाढत जाणारे कर्ज आहे. एका वहीत दर हंगामाला काय शेतात आले आणि काय बाहेर गेले याची नोंद ठेवावी. पुढच्या लागणीपूर्वी ती वही आणि माती परीक्षणाचा अहवाल शेजारी ठेवून मगच खताची यादी करावी.